पडवींतील पद्मिनी

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास लाखांदूर हें तालुक्याचें गांव आहे. सभोंवार धानाच्या बांध्या, मधून मधून मालगुजारी काळचे तलाव, आणि चुलबंद नदी जेथें वैनगंगेस जाऊन मिळते तो सखल मुलूख. गांवास आगगाडी नाहीं. उत्तरेस साकोली चाळीसएक किलोमीटरांवर. आगगाडी गांठावयाची तर गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा स्टेशनापर्यंत जावें लागतें. अशा गांवीं घरची मोटार ही मिरविण्याची वस्तु नसते, कामाची असते. म्हणून येथील एखाद्या घराच्या पडवींत पन्नास वर्षांपूर्वींची प्रीमियर पद्मिनी नीट राखलेली उभी असेल, तर तिच्या धन्यापुढील प्रश्न शहरांतील हौशी संग्राहकाच्या प्रश्नाहून निराळा आहे. ही गाडी जपावयाची म्हणजे तिला उभी करून ठेवावयाची, कीं रस्त्यावर चालती ठेवावयाची?

ह्या गाडीची कुळकथा थोडक्यांत अशी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें लहान मोटारी निघूं लागल्या. 'फियाट ११००' ह्या घराण्यांतील 'डिलाइट' १९६४ सालची. तीच कांहीं वर्षांनीं 'प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून 'पद्मिनी' ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. चितोडच्या राणीचें नांव मिरवावयाचें आणि जन्म मुंबईच्या टॅक्सीचा काढावयाचा, हा योग मोठा गमतीचा खरा! घरगुती गाडी म्हणून ती घेणारेहि जहागीरदार नव्हते. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, लहान व्यापारी अशा माणसांनीं पैसे भरून वर्षानुवर्षें तिची वाट पाहिली. त्या काळीं गाडी दाराशीं येणें हा घरांतील एक संस्कारच असे. हार-नारळ झाल्यावांचून तिची किल्ली फिरत नसे.

आज अशी गाडी चालविण्यांत आनंद कोणता, असें नव्या पिढीनें विचारणें स्वाभाविक आहे. त्यासाठीं मार्गशीर्षांतील एखादी पहाट घ्यावी. वडशाच्या स्टेशनावर मुलगी उतरणार आहे आणि तिला आणावयास निघावयाचें आहे. थंडीनें यंत्र आंखडलेलें असतें. चोकची कळ ओढावयाची, म्हणजे आंत जाणारी हवा कमी होऊन पेट्रोलाचें प्रमाण वाढतें. किल्ली फिरवावयाची, आणि यंत्र लागलें तरी लगेच निघावयाचें नाहीं. त्याचा आवाज खोकल्यासारखा तुटक असतो तो हळूहळू एकसारखा होऊं लागतो, तसतशी ती कळ बोटभर आंत ढकलावयाची. हें कोणत्याहि पुस्तकांतून शिकतां येत नाहीं, कान शिकतो. नव्या गाडींत हेंच काम एक यंत्रगणक मुकाट्यानें करून टाकतो, आणि चालविणाऱ्यास त्याची वार्ताहि नसते.

गियरचा दांडा पायाशीं नसून सुकाणूच्या चाकाखालीं आहे. त्यामुळें पुढची बैठक एका बाकासारखी सलग राहते. दोघांच्या मध्यें एखादें नातवंड सहज बसतें. दाराच्या कांचेपुढें एक लहान त्रिकोणी कांच असते. ती तिरपी केली म्हणजे वाऱ्याचा झोत नेमका अंगावर येतो, आणि धान कापलेल्या बांध्यांतील ओल्या मातीचा व कोंवळ्या लाखोळीचा वासहि त्याबरोबर येतो. गाडी उभी असतांना चाक वळविण्यास दंडांत बळ लागतें. ती चालूं लागली कीं तेंच चाक हलकें होतें, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा तळहातास कळतो. यंत्र अवघें १०८९ घन सेंटिमीटरांचें. ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांच्या बेतानें गेलें तर तें सुखानें गुणगुणतें. त्यापुढें रेटलें तर तक्रार करूं लागतें. समोर धानाचीं पोतीं लादलेला ट्रॅक्टर दिसला, तर ओलांडून जाण्याचा विचार दोन वेळां करावा लागतो, आणि बहुधा तो सोडून द्यावा लागतो.

येथें जुन्या गाडीच्या भक्तांनीं एक गोष्ट झांकून ठेवूं नये. हिचे ब्रेक चारी चाकांस ड्रमचे आहेत. ते आजच्या ब्रेकांइतके तत्पर नाहींत. धडकेच्या वेळीं फुगणारी हवेची उशी तिच्यांत नाहीं. तेव्हां ती चालविणाऱ्यानें पुढील गाडीपासून दुप्पट अंतर राखावें आणि रात्रीचा महामार्ग शक्य तों टाळावा. हा भित्रेपणा नव्हे. गाडीची कुवत ओळखूनच तिचें सुख घेतां येतें.

विदर्भाचा उन्हाळा हा तिचा खरा शत्रु. वैशाखांत दुपारीं गाडी कोठें थोडा वेळ थांबविली आणि पुन्हा निघावें म्हटलें, तर पुष्कळदां ती हूं कीं चूं करीत नाहीं. पेट्रोलाचा पंप यंत्राच्या अंगालाच लागून असल्यामुळें त्याच्या तापानें पेट्रोलाची आंतल्या आंत वाफ होते. पंप द्रव ओढण्याकरितां घडविलेला. वाफेपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. अशा वेळीं टॅक्सीवाल्यांनीं रूढ केलेला उपाय म्हणजे पंपावर ओलें फडकें ठेवणें आणि झाडाच्या सावलींत बसून राहणें. जाणता धनी उन्हाळ्यांत पाण्याची बाटली दोहोंच्या हिशेबानें घेतो, एक माणसाची व एक गाडीची.

परंतु ऊन परतवितां येतें. सुटे भाग कोठून आणावयाचे, ही चिंता त्याहून मोठी आहे. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचें उत्पादन थांबलें. तरी मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सी धांवत होत्या तोंवर तिच्या भागांना गिऱ्हाईक होतें, आणि गिऱ्हाईक होतें तोंवर कोणी ना कोणी ते घडवीत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदविली गेली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात मुंबईच्या रस्त्यावरून नाहींशी झाली. शहरांतील लोकांनीं तिला निरोप दिला, छायाचित्रें काढलीं. दूर खेड्यांत एखादी पद्मिनी राखून असणाऱ्या माणसास मात्र क्लचची तबकडी आतां कोठें मिळेल हा विचार आधीं सुचला असेल.

इंधनहि बदललें आहे. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉल ऊंसापासून होतें तसें तांदुळापासूनहि होतें, म्हणजे धान पिकविणाऱ्या मुलखास त्याचें वावडें असण्याचें कारण नाहीं. पण तें हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्यानें फुगतात, चिरतात. गाडी महिनेच्या महिने उभी राहिली तर हा त्रास अधिक, कारण तेंच पेट्रोल टांकींत साचून राहतें. नळ्या बदलून नव्या जातीच्या रबराच्या घालाव्या आणि गाडी आठवड्यांतून एकदां तरी फिरवावी, हा त्यावरील साधा उपाय.

आतां कायद्याचा भाग. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राखलेल्या खाजगी गाड्यांसाठीं वेगळी नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये भरले म्हणजे 'व्हीए' ह्या अक्षरांचा मानाचा क्रमांक मिळतो व तो दहा वर्षें चालतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच तिला मोकळीक. महालांत ठेवलेल्या रोल्सरॉइसला हा नियम शोभून दिसतो. तिला बाजारहाट कधींच करावयाचा नव्हता. पण १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्यें पन्नाशीची झाली आणि तोच मान तिलाहि खुला झाला. तो घेतला, तर वडशाच्या स्टेशनावर मुलीला आणावयास जाणें नियमाबाहेर होतें. न घेतला, तर दर पांच वर्षांनीं साध्या नोंदणीचें नूतनीकरण आलें. वीस वर्षांवरील मोटारींसाठीं त्याचें शुल्क २०२५ मध्यें दहा हजार रुपये झालें, आणि वर पर्यावरण कर व तपासणी आहेच. स्वस्त म्हणून घेतलेल्या गाडीस हा खर्च कांहीं थोडा नव्हे. कांहीं घरें तो हिशेब मांडून गाडी भंगारांत देतील, आणि त्यांस दोष देतां येणार नाहीं.

तरी ज्याला ही गाडी हवी आहे त्यानें साध्या नोंदणीचाच मार्ग धरावा. तपासणीपूर्वीं दिव्यांचे झोत नीट लावून घ्यावे, हातब्रेक चढावर धरतो कीं नाहीं तें पाहावें, कार्बुरेटर धुवून धूर कमी करून घ्यावा. विजेची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमधली फट पात्यानें मोजून बसविणारा वृद्ध मिस्त्री अजून हाताशीं असेल, तर शेजारच्या एखाद्या होतकरू पोरास त्याच्याबरोबर बॉनेटखालीं वांकवावें. मग भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वीं, साकोलीच्या रस्त्यानें भंडाऱ्यास निघावें. कार्यालय उघडण्याच्या आधीं पोंचलें म्हणजे परतीचा प्रवासहि दुपार होण्यापूर्वीं आटोपतो.