कापायला कोणी नसलेलं गिनी गवत



गिनी गवत काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाटाच्या कडेला, बांधावर ते लावलेलं असतं. दीड महिन्यानं कापायला येतं आणि म्हैस आवडीनं खाते. हे गवत मूळचं आफ्रिकेचं. आपल्याकडे चाऱ्यासाठी आलं, तसंच प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरही गुरांसाठीच नेलं. तिथं पुढं काय झालं, ते आज ऐका.

माउई नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर लहायना हे जुनं गाव, आणि गावामागच्या उतारावर शंभराहून जास्त वर्षं ऊस. १९९९ साली तिथला साखर कारखाना बंद झाला. पाणी थांबलं, माणसांचा वावर थांबला आणि पडीक रानात गिनी गवत शिरलं. सोबत आपण ज्याला अंजन म्हणतो तेही. पुरुषभर उंच वाढलं, पण कापायला कोणी नाही.

आता हवामानाचं बघा. गेल्या शंभर वर्षांत त्या बेटांच्या बहुतेक भागांत पाऊस कमी होत गेला, आणि उष्णताही वाढली. मधेच चांगला पाऊस झाला की हे गवत उफाळून वाढतं. मग पाऊस दडी मारतो आणि तेच गवत उभ्यानं वाळतं. ओलं साल गवत वाढवतं, कोरडं साल त्याचं सरपण करतं. दोन्हीकडून धोका वाढतो.

८ ऑगस्ट २०२३ ला तसंच झालं. दुष्काळ होता, सोसाट्याचा वारा होता. सकाळी तुटलेल्या विजेच्या तारांनी वाळलेल्या गवतात आग लागली. ती विझली असं वाटलं, पण दुपारी धग पुन्हा पेटली आणि गावात शिरली. शंभराहून जास्त माणसं गेली. दोन हजारांहून जास्त घरं-इमारती जळाल्या.

आग एकदाच लागून भागत नाही. गवताचं वरचं जळतं, पण बुडखा जिवंत राहतो, आणि पहिल्या पावसात ते पुन्हा फुटतं. बेटावरच्या मूळ झाडांचं तसं नाही. ती हजारो वर्षं समुद्रानं वेढलेल्या जागी, चरणाऱ्या जनावरांशिवाय वाढली. तिथल्या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतींना उग्र वासही उरला नाही, कारण वास कोणाला द्यायचा? वणव्याचीही त्यांना सवय नाही. एकदा जळालं की त्यांच्या जागी गवत येतं, मग पुन्हा आग, आणि रान दरवेळी थोडं मागं सरतं. त्या बेटांवरच्या दर दहा मूळ फुलझाडांतली नऊ जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. म्हणजे तिथून गेली की गेलीच.

यात गवताचा दोष मला दिसत नाही. आपल्या बांधावर तेच गवत दूध देतं, कारण विळा वेळेवर फिरतो. हवाईतही आता काही ठिकाणी शेळ्या-मेंढ्या चारून गवत कमी करतात, वस्तीभोवती पट्टे मोकळे ठेवतात, आणि हौशी लोक मूळ झाडांची रोपं लावतात. काम सावकाश चाललंय.

आपलं गाव काही बेट नाही. पण शेती सोडून शहरात गेलेल्यांची पडीक रानं, डोंगरउतारावरची घाणेरी, कोकणातली रानमोडी, हे सगळं उन्हाळ्यात कसं पेटतं ते तुम्ही पाहिलंय. सरपणाला, चाऱ्याला त्या वाटेनं जाणाऱ्या तुम्हीच, त्यामुळे कुठं गवत माजलंय हे ग्रामपंचायतीपेक्षा तुम्हाला आधी कळतं. तेव्हा बचत गटाच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत एवढं ठरवा: वस्तीला लागून कोणाकोणाची रानं पडीक आहेत, आणि होळीच्या आत तिथलं गवत कापून कोणाच्या गोठ्यात न्यायचं. मालक मुंबईला असेल तर फोन करून विचारा; बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. कापलेलं मात्र बांधावर पेटवू नका.