शेवटच्या पायऱ्या बुटक्या का आहेत?

जे बसमध्ये उभे आहेत किंवा ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. आजचा विषय आहे स्मशान. थांबा, लगेच पुढे स्क्रोल करू नका.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला सहा महिने स्टॉकहोमला पाठवलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी इकडे माझी आजी गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून दादानं स्मशानातूनच व्हिडिओ कॉल लावला. पत्र्याची शेड, धूर, बसायला जागा नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "आटपा जरा, पुढची मयत आलीय." तेवढ्यात रेंज गेली. मी तिकडे लॅपटॉपसमोर बसलेलो, आणि स्क्रीनवर दादाचा अर्धा खांदा, गोठलेला.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला हे कळलं. तो म्हणाला, शनिवारी आमच्याकडे मृतांच्या आठवणीचा दिवस आहे, स्कूग्सशिर्कोगोर्डेनला जाऊन ये. नाव उच्चारायला मला आठवडा लागला. अर्थ सोपा आहे: वनातली दफनभूमी. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे.

1915 साली या जागेसाठीची स्पर्धा दोन आर्किटेक्टनी जिंकली. गुनार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेन्ट्स. दोघांचा जन्म 1885चा, म्हणजे तेव्हा तीस वर्षांचे, जवळपास माझ्याच वयाचे. जागा कसली, तर पाइनचं जुनं जंगल आणि वाळू-खडी काढून पडलेले खड्डे. यांनी जंगल तोडून बाग केली नाही. पाइन उभे ठेवले आणि थडगी त्यांच्या बुंध्यांमध्ये बसवली, बुटकी, साधी. वर बघितलं की फक्त झाडं. काम चाललं 1940पर्यंत. पंचवीस वर्षं! आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला रडतो.

तर मी गेटमधून आत शिरलो. समोर मोकळं गवत, डावीकडे ग्रॅनाइटचा मोठा क्रॉस आणि उजवीकडे एक टेकडी. तिच्यावर एल्मची झाडं, चौकोनात लावलेली. टेकडीला लांबलचक पायऱ्या. मी चढायला लागलो आणि अर्ध्यावर जाणवलं, दम लागत नाहीये. वरच्या पायऱ्या खालच्यांपेक्षा बुटक्या आहेत. हे लेवेरेन्ट्सनं मुद्दाम केलंय. जसजसं वर जाल तसतशी पायरीची उंची कमी होत जाते, म्हणजे माणूस वर पोचतो तो धापा टाकत नाही, शांतपणे पोचतो. रडून आलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाचे गुडघे त्या बाबानं शंभर वर्षांपूर्वी लक्षात घेतले होते. मी तिथंच बसलो थोडा वेळ. खरं सांगायचं तर तिथंच पहिल्यांदा रडलो.

टेकडीवरून एक सरळसोट वाट निघते, 888 मीटर लांब. सात विहिरींची वाट असं तिचं नाव. सुरुवातीला बर्च, पांढऱ्या खोडांचे, उजेड भरपूर. मग पाइन आणि स्प्रूस, आणि उजेड कमी कमी होत जातो. शेवटी लेवेरेन्ट्सचं 1925चं चॅपल. तिथं लोक एका दारानं आत जातात आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडतात. त्यामुळे बाहेर पडणाऱ्यांची आणि पुढच्या अंत्ययात्रेची समोरासमोर गाठ पडत नाही.

हाच विचार आस्प्लुंडच्या दाहगृहात दिसतो. 1940 साली ते सुरू झालं. तीन चॅपल, आणि प्रत्येकाला स्वतःची वेगळी प्रतीक्षा-खोली, स्वतःचं छोटं अंगण. एका घरच्या दुःखावर दुसऱ्या घरचं दुःख आदळू नये म्हणून. सगळ्यात मोठ्या चॅपलची पुढची काचेची भिंत तर अख्खी जमिनीत खाली सरकवता येते, म्हणजे आतली माणसं आणि बाहेरचं आकाश यांच्यात काहीच उरत नाही. हे काम मात्र एकट्या आस्प्लुंडला दिलं होतं, लेवेरेन्ट्सला बाजूला सारून. दोघांची मैत्री त्यात तुटली. इतकी शांत जागा, आणि तिच्या मागे हे राजकारण! दाहगृह सुरू झालं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आस्प्लुंड गेला. त्याचीही समाधी तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे शंभर हेक्टरच्या वर जागा आहे, आपल्याकडे कुठं? बरोबर आहे. आणि आपले विधीही वेगळे. आपल्याला अग्नी लागतो, पाणी लागतं, मडकं फोडायला जागा लागते. तिथली नक्कल इथं आणून चालणार नाही. पण दोन बाकं, थांबणाऱ्यांसाठी वेगळा आडोसा, आत यायची वाट एक आणि जायची दुसरी, याला किती जागा लागते हो? हे मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीला लिहून दिलंय, कागदावर हातानं नकाशा काढून. बाकांना होकार आलाय. वेगळ्या वाटेसाठी शेजारच्या रानाचा बांध सरकवावा लागेल, म्हणजे तुम्हाला माहितीच आहे किती वर्षं.

त्या शनिवारी लवकरच अंधार पडला आणि झाडांमध्ये हजारो मेणबत्त्या लागल्या. तिथं एक स्मृतिवन आहे. राख जमिनीत मिसळतात, कुणाची कुठं ते नातेवाइकांनाही सांगत नाहीत, नावाची पाटी नाही. मेणबत्त्या लावायला सगळ्यांना मिळून एकच जागा. मीही एक लावली. शेजारी एक म्हातारी बाई होती, तिनं माझी विझलेली पाहिली आणि तिच्या मेणबत्तीनं परत पेटवून दिली. बोललो काहीच नाही.

तिथून आईला फोन केला, कॅमेरा फिरवून सगळं दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी असती तर पहिलं हेच विचारलं असतं, एवढ्या थंडीत कानटोपी कुठाय तुझी?"

चला, भेटू पुढच्या रविवारी.