सुट्टी कोणत्या खाणीतून निघते?



सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला आपण या व्यासपीठावर बोलावलेत, आणि तेही प्रवासावर बोलायला! आजवर मी बोललो तो कारखान्याच्या फाटकावर, पगार आणि बोनस यांविषयी. तेव्हा प्रवासाच्या गोष्टीतही माझी वळणे त्याच रस्त्याने जातील, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात माझा भाचा नोकरी करतो. त्याने एका ऑक्टोबरात मला सॅन हुआन पर्वतात आठ दिवस फिरवले. आमचे वाहन म्हणजे चाकांवरची खोलीच. झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, एक पाण्याची टाकी. पहिला मुक्काम सिल्व्हर्टन या जुन्या खाणगावाजवळ. उंची सुमारे ९,३०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दुपटीहूनही थोडी अधिक. पहाटे नळ सोडला तर थेंब येईना. पाणी नळीतच गोठले होते. अंगावर दोन घोंगड्या असून माझे दात वाजत होते. भाचा म्हणाला, “मामा, दार तर उघडा!” दार उघडले. समोर हिमाची शिखरे, खाली ॲस्पेनची पिवळी धमक झाडी, आणि माणसाचा आवाज म्हणून नाही. थंडी क्षणभर विसरलो.

पण मंडळी, त्याच डोंगरांच्या पोटात माणसे राबली आहेत. कोरड्या दगडात भोके पाडणारे यंत्र आले, त्याची धूळ छातीत बसून जवान माणसे मेली. कामगारांनी त्या यंत्राचे नाव ठेवले होते ‘विधवा करणारे’. यंत्राचा दुसरा परिचय द्यायची गरज नाही.

सिल्व्हर्टनजवळच्या सनीसाइड खाणीची एक हकीगत ऐका. या खाणीच्या डोक्यावर एमा नावाचे तळे होते. ४ जून १९७८ रोजी तळ्याचा तळ फुटला आणि चिखलपाण्याचा लोंढा खाणीत घुसला. आतली यंत्रसामग्री वाहून गेली. कामाचा दिवस असता तर शंभरावर माणसे आत असती. मेले किती? एकही नाही! कारण तो रविवार होता, आणि रविवारी खाण बंद होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हा ‘सुट्टी घेऊन ही माणसे करणार काय?’ असे विचारणारे होते, आजही आहेत. त्यांना हे उत्तर पुरावे.

तेथून अकरा हजार फुटांवरच्या रेड माउंटन खिंडीतून आम्ही यूरेला उतरलो. रस्त्याला कित्येक ठिकाणी कठडा नाही. दरीकडे पाहायचे मी सोडून दिले. मग वळसा घालून टेल्युराइडला पोहोचलो. १९०१ च्या संपात येथील खाणकामगारांनी आठ तास आणि रोजचे तीन डॉलर मिळवले. पण खनिज दळणाऱ्या गिरण्यांतील माणसांचे बारा तास तसेच राहिले. १९०२ साली राज्यातील मतदारांनी आठ तासांच्या बाजूने कौल दिला होता. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा केलाच नाही. मग सप्टेंबर १९०३ मध्ये संप झाला, आणि आठ तास मिळालेले खाणकामगारही गिरणीवाल्यांसाठी बाहेर पडले. जानेवारी १९०४ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. हेन्री माकी नावाच्या फिनलंडच्या कामगाराने सक्तीचे काम नाकारले, तर त्याला तारेच्या खांबाला साखळीने बांधले. त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. ऐन हिवाळ्यात संपवाल्यांना आगगाडीत कोंबून गावाबाहेर हाकलले. १९०४ संपायच्या आत मालकांनी आठ तास मान्य केले. मागणी पुरी झाली. मागणारे मात्र गावात उरले नव्हते.

आज टेल्युराइडमध्ये लोक बर्फावर घसरायला येतात. घरांच्या किमती आकाशाला भिडल्या आहेत. आमच्या शेजारी एक जुनी गाडी उभी होती. आतली मुलगी तेथील उपाहारगृहात कामाला होती. मी विचारले, “प्रवासाला निघालीस?” ती हसून म्हणाली, “नाही, मी इथेच राहते.” भाडे परवडत नाही म्हणून गाडीत झोपणारी तेथे ती एकटी नव्हे. तीच थंडी, तशीच फळी. आठ दिवसांनी मी घरी परतणार होतो म्हणून माझ्या थंडीला मौज म्हणायचे. तिच्या थंडीला काय म्हणाल?

बंधुभगिनींनो, आपण उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जरूर जा. मीही पुन्हा जाईन. निसर्ग पाहणे ही श्रीमंतांचीच चैन आहे असे मी मानत नाही. आठ तासांची मागणी झाली ती माणसाला डोंगराकडे मान वर करून पाहता यावे म्हणूनही. फक्त ज्याच्या हातचा चहा तुम्ही त्या डोंगरावर घ्याल, त्याला एवढे विचारा: “बाबा, तुझी सुट्टी कधी? आणि रात्री तू झोपतोस कुठे?”