तापलेलें इंजिन
वैशाखांत जळगांव-धुळें भागांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा वेळीं चाळीसगांवाहून कन्नडकडे औट्रम घाट चढतांना मोटारीचें इंजिन तापलें, तर गाडी थांबवावी; परंतु रेडिएटरचें झांकण लगेच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यानें १०० अंशांवरही उकळत नाहीं. झांकण निघतांच मात्र त्याची वाफ उसळून हात-तोंड भाजतें.

इंजिन निवाल्यावर कारण शोधावें. मंद चालींतच तापत असल्यास प्रथम पंखा पाहावा. भरधाव वेगांत तापत असल्यास रेडिएटर तुंबल्याचा किंवा पाण्याचा पंप मंदावल्याचा संशय घ्यावा. नुसतें पाणी ओतीत राहणें हा उपाय नव्हे. विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार नळ्यांत सांचून विकार बळावतो. गळती असल्यास ती बंद करून योग्य शीतक द्रव भरावा. अर्धा तास थांबल्यानें प्रवास लांबेल, पण इंजिन वांचेल आणि माणूसही.