आसन्न मूल्य



तंजावरचे अमरसिंहराजे पदच्युत झाल्यावर या तिरुविडैमरुदुरात राहिले, म्हणून हे गाव आपणां मराठी जनांच्या स्मरणात आहे. येथून जवळच्या कुंभकोणमला श्रीनिवास रामानुजन वाढले. या दोन गावांच्या सान्निध्यात मला ‘पाय’ ही संख्या आठवते.

परीघ व्यासाच्या किती पट? आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये ३.१४१६ हे मूल्य सांगितले आणि प्रांजळपणे त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचे, म्हटले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५० दिले. पाय कोणत्याच अपूर्णांकात नेमका बसत नाही, हे लँबर्टने १७६१ साली सिद्ध केले. तरी शोध थांबला नाही. रामानुजन यांच्या १९१४ च्या एका श्रेणीचे पहिले पदच सहा दशांश स्थळांपर्यंत अचूक आहे; पुढील प्रत्येक पद सुमारे आठ अंकांची भर घालते.

परप्रांती वाढलेल्या आपल्या मुलांची मराठीही अशीच आसन्न आहे. तिला उणे न लेखता घरोघरी रोज एकेक पद वाढवू या.