तेलातला कीस



चालकांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मय यावे, इतिहास यावा, राज्यघटना यावी. मोटारसायकलचे तेल बदलताना त्यात सापडणारा धातूचा कीस कोठून आला, असे आपल्यालाही वाटले असेल. परंतु म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी ज्या गावात यंत्रविद्येचा पाया घातला, त्या गावाने या विषयाला हसू नये. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे उद्यमनगरात लेथच्या शेजारी, शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपाशी आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे हाताला लागले आहे तेच आम्ही बोलणार.

येताना आम्ही खिशात एक पुडी घालून आलो आहोत. तिची हकीकत पुढे येईल.

तेल इंजिनात काय करते, हे आधी पाहू. ते वंगण आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते इंजिनातली उष्णता वाहून नेते, आणि घरच्या केरसुणीसारखे आतला कचराही गोळा करते. गाडीचा क्रँक मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला शंभर झाले. शंभर वेळा लोखंड लोखंडाच्या अंगावर जाते, आणि दोघांच्या मध्ये फक्त तेलाचा एक थर असतो, आपल्या केसाहूनही कितीतरी पातळ. तो थर टिकला तर इंजिन टिकले. इतक्या जवळिकीत थोडी झीज व्हावयाचीच. शिवाय आजकालच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच तेल असते. जुन्या बुलेटमध्ये गिअरबॉक्सचे तेल वेगळे असे. आता एका पंगतीत सर्वांचे जेवण. त्यामुळे गिअरच्या दातांचा चुरा, क्लचपट्ट्यांची काळी भुकटी आणि पिस्टनची झीज, सगळे त्याच लिटरभर तेलात उतरते.

म्हणून कीस दिसला की घाबरून जाऊ नये. नव्या गाडीचे पहिले तेल बहुतेक पुस्तिकांत पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावयास सांगितलेले असते, त्याचे कारण हेच. नवे भाग एकमेकांच्या अंगवळणी पडत असतात. ते तेल उन्हात धरले तर चंदेरी रंग कालवल्यासारखे चमकते, आणि खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर काळसर, लोण्यासारखा मऊ लेप बसलेला असतो. बोटांत चोळला तर टोचत नाही. हा कीस निरोगी आहे. कधी एखादी कुरळी तार निघते, ती तर कारखान्यातच राहून गेलेली कातणीची तार असते.

काळजी कशाची करावी? बोटाला टोचणाऱ्या कणांची, चपट्या, चकाकणाऱ्या खपल्यांची. तेल स्वच्छ परातीत काढावे, पातळ पांढऱ्या फडक्यातून गाळावे, आणि खाली राहील ते कागदावर पसरून त्याच्याखालून चुंबक फिरवावे. चुंबकामागे धावेल ते लोखंड-पोलाद: गिअर, बेअरिंग, कॅम यांचे. जागचे हलणार नाही आणि पांढुरके असेल ते अॅल्युमिनियम: पिस्टनचे किंवा कवचाचे. पिवळसर तांबूस दिसेल ते एखाद्या बुशाचे. दहा रुपयांच्या चुंबकाने एवढे कळते. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांना कागदी फिल्टर नसतो. आत एक फिरती वाटी असते, ती गाळ बाहेरच्या अंगाला फेकून धरून ठेवते. ती वाटी वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. उघडली की आत डांबरासारखा थर निघतो, आणि गाडीचा सगळा पूर्वेतिहास त्यात सापडतो.

आणखी एक खूण, ती आपल्या गावाने फार महाग किंमत देऊन शिकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा गावात शिरली, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. ज्यांनी धीर धरून आधी तेल काढले, त्यांची इंजिने पुष्कळदा वाचली. ज्यांनी पाणी ओसरल्याबरोबर किक मारली, त्यांना पुढे त्याच तेलात गंजाचे तांबडे कण पाहावे लागले.

आता पुडीकडे येतो.

१९९९ साली आमच्याकडे एक जुनी घेतलेली शंभर सी.सी.ची गाडी होती. युनियनचे काम म्हणजे दिवसाला तीन वसाहती आणि दोन गेटसभा. गाडीवाचून निभत नसे. तेल आम्ही एका गॅरेजात बदलत असू. गॅरेजचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. एकदा त्याने खालचा नट काढला, त्यावरचे काहीतरी चिंधीने पुसले, आणि मान वर करून मालकाकडे पाहिले. मालकाने नुसती भुवई हलवली. पोराने नट बसवला, नवे तेल ओतले. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. काय आहे रे, म्हणून विचारले नाही. सभेला उशीर होत होता.

त्यानंतर महिनाभराने गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढे, इंजिनातून ठकठक असा आवाज येऊ लागला, आणि थांबावे म्हणेपर्यंत मागचे चाक धरले. आम्ही रस्त्याच्या कडेच्या चिखलात पडलो, कपड्यांवर निभावले. मागे बसलेल्या सहकाऱ्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तो फौंड्रीत रोजंदारीवर मोल्डिंग करीत असे. तीन महिने त्याची रोजी बुडाली. युनियनने वर्गणी काढली, पण वर्गणीने घर चालत नाही, हे आम्ही त्याच्या घरी जाऊन पाहिले.

इंजिन उद्यमनगरातल्या एका वृद्ध मेस्त्रींनी उघडले. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्यातले बेअरिंग फुटले होते. त्यांनी तळाचे तेल गाळून एवढ्या खपल्या कागदात बांधल्या आणि आमच्या हातात दिल्या. म्हणाले, ‘‘अण्णा, हे एका दिवसाचं काम न्हवं. ह्यानं लई दिस आधी सांगावा धाडला हुता. कुनीतरी पुसून टाकला.’’

पुढे तो पोरगाही आम्हांला भेटावयास आला. आपण होऊन आला, हे त्याचे मोठेपण. दोन वेळा त्याला खपल्या दिसल्या होत्या. पहिल्यांदा त्याने मालकाला सांगितले, तेव्हा मालक म्हणाला, गिऱ्हाइकाला भिववू नको, इंजिन उघडायचं म्हटलं की ते दुसऱ्या गॅरेजात जातं. दुसऱ्यांदा त्याने नुसते पाहिले. त्याला आठवड्याला जे पैसे मिळत त्यावर घरची दोन माणसे होती. आम्ही त्याला काय बोलणार? बोलण्याचा हक्क आम्हांला असता, तर आम्ही त्या दिवशी गॅरेजातच बोललो असतो.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या डोक्यातून गेली नाही. तेलातला कीस पहिल्यांदा ज्याच्या नजरेला पडतो, तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. गॅरेजात तो हेल्पर असतो, कारखान्यात ऑइलर. प्रेसच्या गिअरबॉक्सचे तेल बदलताना चमक त्याला दिसते. बढती मात्र तेल बदलण्याची तारीख पुढे ढकलून पैसे वाचवणाऱ्याला मिळते. रेल्वेत या कामाला प्रयोगशाळा आहेत. डिझेल इंजिनाचे तेल ठराविक काळाने काढून, जाळून, त्याच्या प्रकाशावरून लोखंड किती, तांबे किती, हे मोजतात. अमेरिकेतल्या एका रेल्वेने १९४० च्या दशकात ही पद्धत सुरू केली, आणि आपल्या डिझेल शेडमध्येही ती आली. तिचे मर्म उपकरणात जितके आहे तितकेच वहीत आहे. आजचा आकडा एकटा काही सांगत नाही. मागच्या वेळी किती होता आणि आज किती झाला, यावरून इंजिन बोलते. ही वही कोणालाही ठेवता येते. दर वेळी चिमूटभर कीस कागदात बांधावा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहावेत. चार पुड्या शेजारी ठेवल्या की निरक्षर माणसालाही कळते.

एकदा हेच सर्व आम्ही एका गेटसभेत सांगत होतो. फेटलिंगच्या खात्यातला एक कामगार, वय चाळिशीचे, उभा राहिला. म्हणाला, ‘‘अण्णा, गाडीचं त्याल बगताय ते बरं हाय. आमच्या छातीतलं कोन बगनार?’’ लोक हसले. तो हसला नाही. बोलताना त्याला दोनदा थांबावे लागले होते.

फौंड्रीची वाळू म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात जाते ती तिथेच राहते. फुप्फुसाला खालून नट नसतो. वर्षानुवर्षांनी क्ष-किरणांच्या चित्रात डाग दिसू लागतात, तोवर झीज होऊन गेलेली असते आणि ती भरून येत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात कलमे वाढवली गेली: धोक्याच्या कामावर लावण्यापूर्वी आणि पुढे बारा महिन्यांच्या आत कामगाराची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि त्याची आरोग्यनोंद त्याला पाहावयास मिळावी. फौंड्र्या त्या यादीत होत्या. आम्ही त्या नोंदी मागत कित्येक ठिकाणी गेलो. काही मालकांनी कपाट उघडून दाखवले, हे सांगितले पाहिजे. काही ठिकाणी ओळीने सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द होता: ठीक. पन्नास माणसांची छाती एका शब्दात. आमच्या त्या कामगाराच्या नावापुढेही तोच होता. सरकारी दवाखान्यात चित्र काढल्यावर डाग दिसले. त्याला धुळीतून काढून स्टोअरमध्ये घेण्यासाठी आम्हांला सात महिने भांडावे लागले, आणि पगार कमी न करता घेण्यासाठी आणखी चार.

असो. जाता जाता, दारात एका गृहस्थांनी विचारले त्याचे उत्तर देतो. तेल काढल्यावर आत डिझेल ओतून इंजिन धुवावे काय? आमच्या मते धुऊ नये. थोडे डिझेल आत राहते आणि नवे तेल पातळ करते. गरम इंजिनाचे तेल सावकाश, पुरते निथळू द्यावे, तेवढे पुरे. आणि काढलेले तेल गटारात ओतू नये. ते जयंती नाल्यातून पंचगंगेला जाते. गॅरेजवाल्यांनी ते पिंपात साठवून परवानाधारकाकडे द्यावयाचे असते.

ती पुडी आता पुढच्या रांगेतून फिरवीत आहोत. कागद जपून उघडावा, वारा आहे. सर्वांचे पाहून झाले की इथे टेबलावर परत आणून द्यावी. आमचा तो सहकारी मागच्या बाजूला बसला आहे, त्याने ती अजून पाहिलेली नाही.