मॉरिशसला गेलेली आपली माणसं



मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी उठली. पण मळ्यात ऊस होताच. तो तोडायला १८३४ पासूनच हिंदुस्थानातून मजूर नेणं सुरू झालं होतं. रत्नागिरी, सावंतवाडीकडले आपले मराठी लोक मुंबईहून जहाजात चढले. करार पाच वर्षांचा, सुरुवातीला पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्यांना खाडा म्हणजे काय, हे मी काय सांगू? नोंदवहीत नावासोबत जातही लिहीत. म्हणजे समुद्र ओलांडला तरी ती सोबत होतीच! पुढं मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले. मजुरांनी पै-पै जोडून ते घेतले, घरं बांधली. त्यांची पणतवंडं आजही तिथल्या शाळेत मराठी शिकतात.